पाटीलबावांची दिल्ली

बुराडी घाटावरचं दत्ताजी शिंद्याचं उत्तर मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांना पाठ असतं. वाचलो तर आणखी लढू, असं सांगणारा दत्ताजी वाचला नाही. 10 जानेवारी 1760 ला तो यमुनेच्या वाळवंटात पडला. त्याच्याआधी 1755 मध्ये थोरला भाऊ जयाप्पा नागोरच्या वेढ्यात दग्याने मारला गेला होता. बुराडीनंतर वर्षभराने पानिपत झालं आणि त्यात जयाप्पाचा तरुण मुलगा जनकोजी गेला, जयाप्पाचा भाऊ तुकोजीही गेला. सातारा जिल्ह्यातल्या कन्हेरखेडच्या या घराण्यात राणोजीचा कर्ता म्हणावा असा एकच मुलगा उरला, तो महादजी. दत्ताजीचा बोल खरा केला तो त्याने. पण नुसता लढून नव्हे. पुढच्या तेहतीस वर्षांत रणांगणावर जेवढं मिळवलं, त्याहून जास्त त्याने बोलण्यांच्या बैठकीत मिळवलं.

पानिपतावरून निसटताना तो तिशीच्या आसपास होता. खाली दख्खनी घोडी, आणि मागे धिप्पाड घोड्यावर बसलेला एक अफगाण स्वार. महादजी घोडी दामटत होता, पण वळून बघावं तेव्हा तो स्वार मागे आहेच. अखेर त्याने गाठलं, पायावर घाव घातला, अंगावरचं मौल्यवान ते काढून घेतलं आणि मेला समजून सोडून दिलं. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्याला आपल्या बैलावर घालून दक्षिणेकडे आणलं. पाय कायमचा अधू झाला. तो स्वार आपल्याला अजून स्वप्नात दिसतो, असं महादजी उतारवयात इंग्रज वकिलांना सांगे. राणेखानाला त्याने भाऊ मानलं. पखालीतून पाणी वाहणारा हा माणूस पुढे ‘राणेखान भाई’ म्हणून त्याच्या फौजेचा सेनापती झाला, आणि तो किताबापुरता नव्हता. सत्तावीस वर्षांनी दिल्लीचा लाल किल्ला त्यानेच घेतला.

जिवंत परतला म्हणून सरदारी लगेच मिळाली असं नाही. महादजी राणोजीच्या लग्नाच्या बायकोचा मुलगा नव्हता, आणि पेशव्याचा चुलता राघोबादादा याने ही गोष्ट पुरेपूर वापरली. शिंद्यांची दौलत कधी केदारजीच्या, कधी मानाजी फाकड्याच्या नावाने करण्याचे घाट घातले गेले. 1768 च्या सुमाराला थोरल्या माधवराव पेशव्याने हा घोळ एकदाचा मिटवला आणि सरदारी महादजीकडे आली. मधली सात-आठ वर्षं त्याने दरबारात खेटे घालण्यात, सावकार सांभाळण्यात आणि कोण कोणाच्या बाजूचा आहे याचा अंदाज घेण्यात घालवली. चरित्रकार हा भाग दोन पानांत उरकतात. मला तो महत्त्वाचा वाटतो. हातात फौज नसताना, खजिना नसताना आणि हक्कसुद्धा वादग्रस्त असताना आपलं म्हणणं लावून कसं धरायचं, याचं शिक्षण त्याला इथे मिळालं.

1769 मध्ये रामचंद्र गणेश आणि विसाजी कृष्ण यांच्याबरोबर मराठी फौजा पुन्हा उत्तरेत उतरल्या, त्यांत महादजी होता. 1771 च्या फेब्रुवारीत दिल्ली हाती आली. पण पातशहा दिल्लीत नव्हता. दुसरा शाहआलम अलाहाबादेत इंग्रजांच्या तनख्यावर राहत होता; बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी त्यानेच 1765 मध्ये त्यांना दिली होती. मराठ्यांनी त्याला बोलावून आणलं आणि 6 जानेवारी 1772 ला तो वाजतगाजत आपल्या राजधानीत शिरला. त्या वेळी महादजी त्याच्या सोबत होता. इंग्रजांनी या माणसाच्या नावाने बंगाल कसा पचवला, हे त्याला तिथे जवळून बघायला मिळालं. त्याच मोहिमेत, पानिपतावर अब्दालीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या नजीबखानाच्या मुलाचं, झाबेताखानाचं, पथ्थरगड लुटून पानिपताचा हिशेब काही अंशी चुकता करण्यात आला.

मग घरच पेटलं. नोव्हेंबर 1772 मध्ये माधवराव थेऊरला वारला, ऑगस्ट 1773 मध्ये त्याच्यामागून पेशवा झालेल्या नारायणरावाचा शनिवारवाड्यात खून झाला, राघोबा इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि इकडे त्याच्याविरुद्ध पुण्याच्या कारभाऱ्यांचं, बारभाईंचं, कारस्थान उभं राहिलं. महादजी सुरुवातीला तोलूनमापून वागला आणि मग बारभाईंतल्या नाना फडणिसाच्या बाजूला ठाम उभा राहिला.

1778 च्या नोव्हेंबरात मुंबईकर इंग्रजांची चार हजारांच्या आतबाहेरची फौज राघोबाला गादीवर बसवायला निघाली. तिच्यासोबत सामान वाहायला सुमारे 19 हजार बैल होते. बोरघाट चढून वर आल्यावर हा लवाजमा दिवसाला जेमतेम मैलभर सरकू लागला. मराठ्यांनी सरळ झुंज दिलीच नाही. पुढचं गवत जाळलं, विहिरी निकामी केल्या, रसद तोडली आणि तळेगाव आधीच ओस पाडून पेटवून दिलं. 4 जानेवारी 1779 ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेचा गोळा लागून पडला. शत्रूच्या या अधिकाऱ्याचं शौर्य बघून मावळातल्या लोकांनी त्याचं नाव ‘इष्टुर फाकडा’ ठेवलं. वडगावात त्याची समाधी आहे. तळेगावला पोहोचल्यावर इंग्रजांना कळून चुकलं, की पुढे पुणं आहे पण पोटाला काही नाही. 11 तारखेच्या रात्री अवजड तोफा तळ्यात ढकलून ते गुपचूप मागे फिरले. उजाडेपर्यंत मराठे चहूबाजूंना होते. वडगावात कोंडलेल्या त्या फौजेने बोलणी मागितली.

बोलणी कोणाशी करायची, हा प्रश्न होता. नाना म्हणाला, आधी राघोबा द्या. महादजीने निराळा सूर लावला, तो मवाळ होता आणि म्हणून इंग्रज त्याच्याकडे वळले. 16 जानेवारीला करार झाला: 1773 पासून घेतलेलं सगळं परत, बंगालहून येणारी कुमक माघारी, आणि दोन इंग्रज ओलीस. राघोबाने स्वतःहून महादजीची छावणी गाठली. याच सौद्यात भडोचचा इंग्रजांकडचा वाटा महादजीच्या पदरात टाकायचंही ठरलं होतं. पेशव्याचं काम करताना आपलं काम विसरायचं नाही, ही त्याची रीत वडगावात पहिल्यांदा ठळक दिसली. नानाच्या मनात त्याच्याविषयी जो खडा पडला, तोही तिथलाच. पुढे काही महिन्यांत राघोबा महादजीच्या माणसांच्या हातून निसटून सुरतेला गेला, तेव्हा तर पुण्यात कुजबुज सुरू झाली की पाटीलबावांनीच दोर सैल सोडला असणार.

पाटीलबावा हे पुण्याचं त्याला हाक मारायचं नाव. तो स्वतःला कायम पाटील म्हणवून घेत असे.

कलकत्त्याने वडगावचा करार मानला नाही आणि लढाई पुन्हा पेटली. या खेपेला महादजीला मार बसला, तोही जिव्हारी. 3 ऑगस्ट 1780 च्या रात्री मेजर पॉपहॅमच्या शिपायांनी कापूस भरलेले कापडी जोडे पायात चढवले, म्हणजे खडकावर आवाज होऊ नये. शिड्या लावून ते ग्वाल्हेरचा कडा चढून गेले. हिंदुस्थानातला अजिंक्य म्हणवला जाणारा किल्ला, महादजीचा किल्ला, पहाटेपूर्वी गेला. पुढच्या मार्चमध्ये माळव्यात त्याच्या छावणीवर इंग्रजांनी रात्रीचा छापा घातला आणि तोफा, हत्ती, सामान पळवलं.

हरलेल्या सरदाराने इथे काय करावं? एक तर पुण्याकडे कुमक मागावी, नाहीतर शत्रूला शरण जावं. महादजीने तिसरीच वाट काढली. तिकडे हैदर अलीने कर्नाटकात इंग्रजांची दाणादाण उडवली होती, वॉरन हेस्टिंग्जचा खजिना रिकामा होत चालला होता आणि त्याला मराठ्यांशी लढाई कशीही करून थांबवायची होती. पण नाना बोलायला तयार नव्हता. महादजीने हेरलं, की इंग्रजांना आता जमिनीपेक्षा मध्यस्थ हवा आहे. ऑक्टोबर 1781 मध्ये त्याने कर्नल म्यूरशी आपल्यापुरता समझोता केला: मी उज्जैनला मागे जातो, तुम्ही यमुनेपलीकडे जा, आणि पेशवे व कंपनी यांच्यात तह मी घडवून आणतो. 17 मे 1782 ला ग्वाल्हेरजवळच्या सालबाई गावी 17 कलमांचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, पुरंदरच्या तहानंतर घेतलेला मुलूख परत आला, आणि राघोबाला दरमहा 25 हजार रुपये नेमून देऊन राजकारणातून बाहेर काढण्यात आलं. तह पाळला जाईल याचा जामीन कोण? महादजी शिंदे. दोन्ही पक्षांनी त्याला जामीन मानलं.

ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. जामीन म्हणजे दोघांच्या मधला, दोघांनाही गरज असलेला तिसरा. पेशव्याचा एक सरदार, ज्याचा मुख्य किल्ला दोन वर्षांपूर्वी शत्रूने घेतला, तो या तहाने स्वतंत्र सत्ता असल्यासारखा उभा राहिला. नानाला हे बरोबर कळलं होतं. म्हणूनच तहावरच्या शिक्कामोर्तबाचं काम त्याने फेब्रुवारी 1783 पर्यंत लांबवलं. ग्वाल्हेर इंग्रजांनी गोहदच्या राण्याला देऊन टाकलं होतं; महादजीने राण्याकडून ते परत घेतलं तेव्हा इंग्रजांनी बोटही उचललं नाही. सालबाईनंतर वीस वर्षं मराठे आणि इंग्रज यांच्यात लढाई झाली नाही.

या निवांतपणाचा उपयोग महादजीने दिल्लीसाठी केला. पातशाही तेव्हा उरली होती किती? शाहआलमचं राज्य दिल्लीपासून पालमपर्यंत, अशी दिल्लीकरच थट्टा करत. पालम म्हणजे आजच्या विमानतळाजवळचं गाव. पण नावाची किंमत शाबूत होती. लखनौचा नवाब, हैदराबादचा निजाम, राजपूत राजे आणि खुद्द इंग्रज, सगळ्यांचे हक्क कागदोपत्री त्या लाल किल्ल्यातूनच निघालेले होते. दरबारातले मोगल सरदार एकमेकांचे खून पाडत होते. 1784 च्या नोव्हेंबरात मीरबक्षी अफ्रासियाबखान मारला गेला आणि घाबरलेल्या पातशहाने महादजीचा हात धरला.

महादजीने वजिरी मागितली नाही, मीरबक्षीगिरीही मागितली नाही. त्याने मागितली ‘वकील-इ-मुतलक’ ही पदवी. वजीर दिवाणी पाहतो, मीरबक्षी फौज पाहतो. वकील-इ-मुतलक या दोघांच्याही वर, पातशहाचा सर्वाधिकारी. त्यातही मेख अशी, की पदवी घेतली पेशव्याच्या नावाने आणि महादजी झाला पेशव्याचा नायब. म्हणजे पातशहाचा नोकर पेशवा, पेशव्याचा नोकर महादजी, आणि दोन्ही धन्यांचा कारभार नोकराच्या हाती. पुण्यातून कोणी विचारलं तर पातशहाचा हुकूम दाखवता येई, दिल्लीत कोणी कुरकुर केली तर पेशव्याचं नाव सांगता येई. जॉन माल्कमने पुढे महादजीविषयी लिहिलं त्याचा आशय असा होता, की स्वतःला सेवक म्हणवत म्हणवत हा माणूस राजा झाला. माल्कम त्याचा चाहता नव्हता, पण हे त्याने अचूक पकडलं.

पद मिळालं, त्याबरोबर खर्चही आला. पातशहाच्या घरखर्चाला दरमहा 65 हजार रुपये द्यायचे होते, मोगली पलटणींची थकबाकी होती, स्वतःच्या फौजेचा रोजमुरा होता. पैसा उभा करायला त्याने मोगल सरदारांच्या जहागिरी तपासायला घेतल्या आणि राजपूत राजांकडे तुंबलेली खंडणी मागितली. पातशहाच्या नावाने बंगालचा चौथसुद्धा इंग्रजांकडे मागून बघितला. कलकत्त्याने डोळे वटारताच, असं काही मागितलंच नव्हतं, म्हणून तो मोकळा झाला. हात कुठे पोहोचतो आणि कुठे नाही, हे तो असं चाचपून बघत असे.

जयपूरच्या बाबतीत मात्र त्याचा अंदाज चुकला. जुलै 1787 मध्ये लालसोटजवळ तुंग्याच्या मैदानात जयपूर-जोधपूरच्या फौजा समोर उभ्या होत्या. लढाईचा निकाल धड लागला नव्हता, तेवढ्यात त्याच्या छावणीतल्या पगार थकलेल्या मोगली पलटणी तोफांसकट शत्रूकडे निघून गेल्या. महादजीला चंबळेपर्यंत मागे हटावं लागलं. दिल्ली गेली, अजमेर गेलं, आग्र्याचा किल्ला तेवढा लखबादादा लाडाने नेटाने लढवला. पुण्याला त्याने मदतीची पत्रांवर पत्रं धाडली. मदत निघाली, पण रमतगमत.

या पडत्या काळात त्याच्याजवळ टिकून राहिलेल्या मोजक्या पलटणींचं नाव पुढे हिंदुस्थानभर झालं. सव्हॉय प्रांतातल्या शाम्बेरी गावचा बेन्वा द बॉइन्य हा भटका शिपाईगडी 1784 मध्ये महादजीच्या चाकरीला लागला होता. मराठी कागदांत त्याचा ‘डिबॉइन’ झाला. काम होतं साडेआठशे-साडेआठशे शिपायांच्या दोन पलटणी इंग्रजी कवायतीने तयार करण्याचं. त्याला महिना हजार रुपये, शिपायांसाठी माणशी आठ रुपये. शिपाई हिंदुस्थानी, हुकूम युरोपी पद्धतीचे, आणि आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर तोफा ओतायला. पानिपतावर इब्राहिमखानाचे गारदी शेवटपर्यंत कसे उभे राहिले ते महादजीने बघितलं होतं. तळेगावाहून माघार घेताना इंग्रजांच्या पिछाडीच्या पलटणी मराठी घोडदळापुढे कशा मोडल्या नाहीत, तेही. घोड्यावर बसून वाढलेल्या या माणसाने उतारवयात पायदळावर पैज लावली. त्याच्या बरोबरीच्या सरदारांपैकी किती जणांना हे जमलं?

द बॉइन्यने चाकरी पत्करताना एक कलम मात्र घालून घेतलं होतं: आपण इंग्रजांविरुद्ध लढणार नाही. महादजीने ते मान्य केलं. सालबाईचा तह ताजा होता, त्या वेळी कलम निरुपद्रवी वाटलं असणार.

1788 च्या जूनमध्ये आग्र्याजवळ मोगल सरदार इस्माइल बेगचा पराभव करून महादजीने पुन्हा जम बसवला. आणि इथे त्याच्या चरित्रातला डाग येतो. जुलैमध्ये नजीबखानाचा नातू गुलाम कादर दिल्लीत शिरला. खजिन्याच्या शोधात त्याने लाल किल्ल्यातल्या जमिनी उकरल्या, शहजाद्यांना आणि बेगमांना उपाशी ठेवून छळलं, आणि 10 ऑगस्टला शाहआलमचे डोळे काढले. आग्र्याहून दिल्ली काही फार लांब नाही. महादजीची फौज राणेखानाच्या हाताखाली किल्ल्यात पोहोचली ती ऑक्टोबरात. फौजेचे पगार तुंबले होते, पातशहाने मध्यंतरी त्याच्याविरुद्ध कारस्थानं केली होती, लालसोटचा धसका होता. कारणं सांगता येतात. पण ज्याच्या नावावर सगळा डोलारा उभा, त्याला वाचवायला दोन-अडीच महिने लागले, त्याचं हे माझ्या मते लंगडं समर्थन आहे. गुलाम कादरला पाठलाग करून पकडलं आणि मार्च 1789 मध्ये हाल हाल करून मारलं. आंधळा शाहआलम पुन्हा तख्तावर बसला. आपल्या यातनांवर त्याने फारसीत जे शोकगीत रचलं, त्यात महादजीचा उल्लेख पोटचा मुलगा म्हणून येतो.

मग विजयांची रांग लागली. पैशावरून बिनसून मध्यंतरी निघून गेलेला द बॉइन्य 1790 मध्ये परत आला, आता पूर्ण ब्रिगेड घेऊन. 20 जूनला पाटणला इस्माइल बेगचा आणि राजपुतांचा तोफखाना हाती आला. 10 सप्टेंबरला मेडत्याला, पहाटेच्या झोपेत गाठलेल्या राठोडांनी घोड्यावर मांड ठोकून पुन्हापुन्हा चढाई केली आणि पलटणींच्या चौकोनावर आदळून ते संपले. अजमेर आलं, जोधपूर-जयपूर खंडणीला कबूल झाले. द बॉइन्यला फौजेच्या खर्चासाठी दोआबात मुलूख तोडून दिला, अलीगढला तळ पडला. या फौजेचा पगार वेळेवर होई आणि जखमी शिपायाला भरपाई मिळे. त्या काळी हिंदुस्थानातल्या फौजा धन्याच्या दारात धरणं धरून पगार मिळवत, हे लक्षात घेतलं की या पलटणी पळून का गेल्या नाहीत ते वेगळं सांगायला नको.

दिल्ली-मथुरेकडचा हा महादजी म्हणजे नुसता हिशेबी मुत्सद्दी नव्हे. मथुरा-वृंदावनावर त्याचा जीव होता, गोहत्याबंदीचं फर्मान त्याने पातशहाकडून मिळवलं, कृष्णभक्तीची पदं तो स्वतः रचत असे. त्याच वेळी बीडचे सूफी फकीर मन्सूरशहा हे त्याचे गुरू होते, आणि शिंदे घराण्यात त्यांची गादी आजही मानतात. कोकणातल्या बांद्याचे सोहिरोबानाथ आंबिये ग्वाल्हेरला आले आणि त्याच्या कवितांवरून त्याला चार खडे बोल सुनावून गेले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो नसो, सरदाराच्या कवितेला तोंडावर नावं ठेवणारा कोणीतरी भेटला हे ऐकून बरं वाटतं.

जून 1792 मध्ये, बारा वर्षांनी, महादजी पुण्याला आला. नानाला धडकी भरली होती. त्याने तिसऱ्या म्हैसूर युद्धात टिपूविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली होती, ती महादजीला पटलेली नव्हती. शिवाय उत्तरेतल्या मोहिमांचा खर्च कोणाच्या अंगावर, हा वाद वर्षानुवर्षं चिघळत होता. नानाचं म्हणणं हिशेब द्या, महादजीचं म्हणणं कर्ज फेडा. इंग्रजांकडून एखादी पलटण जवळ असावी म्हणून नानाने कॉर्नवॉलिसकडे शब्द टाकून पाहिला, इतकी त्याची झोप उडाली होती.

महादजी आला तो पातशहाची फर्मानं घेऊन. संगमाजवळ त्याने डेरे ठोकले. दुसऱ्या दिवशी पेशव्याच्या भेटीला गेला तेव्हा हत्तीवरून लांबच उतरला आणि दरबारात आपल्या मानाच्या जागेवर न बसता मानकऱ्यांच्या खाली जाऊन उभा राहिला. अठरा वर्षांच्या सवाई माधवरावाने बसायला सांगितलं, तर म्हणाला, एवढी योग्यता नाही. मग काखेतलं बोचकं सोडून त्यातून नवे जोडे काढले, पेशव्यापुढे ठेवले आणि म्हणाला, माझ्या बापाचा हा धंदा, तोच माझा. राणोजी पहिल्या बाजीरावाचे जोडे सांभाळत असे, ही कथा पुण्यात सगळ्यांना ठाऊक होती. पेशव्याचे पायांतले जुने जोडे त्याने उचलून काखेत घेतले आणि मगच तो बसला.

नाटक? अर्थात नाटक. पण ते कोणापुढे चाललं होतं ते पाहा. काही दिवसांनी शामियाना उभा राहिला. मधोमध पातशहाचं तख्त म्हणून एक आसन मांडलं, त्यावर फर्मान आणि खिलत ठेवली. पेशव्याने पुढे होऊन तीन वेळा मुजरा केला, 101 मोहरांचा नजराणा ठेवला, आणि मग त्याला वकील-इ-मुतलकीची वस्त्रं, जवाहीर, ढाल-तलवार, शिक्का, कलमदान, मोर्चेलं, नालकी, पालखी, माहीमरातब असं सगळं अर्पण झालं. पुण्याच्या ब्राह्मण पेशव्याला भर दरबारात रिकाम्या तख्तापुढे मोगल पातशहाचा चाकर म्हणून वाकवणारा माणूस तोच होता, ज्याने परवा जोडे उचलले होते. नानाने याला आधी विरोध केला होता, छत्रपतींच्या आज्ञेशिवाय अशी पदवी कशी घेता येईल असं विचारलं होतं. साताऱ्याहून परवानगी आणून महादजीने तेही तोंड बंद केलं.

तरुण पेशव्याला हा लंगडणारा, मोकळं बोलणारा, शिकारीला घेऊन जाणारा म्हातारा आवडू लागला. नानाच्या शिस्तीत वाढलेल्या मुलाला हे नवीन होतं. नानाने कारभार सोडून काशीला जायची भाषा काढली. हरिपंत फडके मध्ये पडला आणि दोघांचं वरवर जुळलं. तिकडे 1793 मध्ये राजस्थानात लाखेरीला द बॉइन्यच्या पलटणींनी तुकोजी होळकराची फौज उधळली. पानिपतातून वाचलेल्या दोन मराठी घराण्यांनी एकमेकांचं रक्त सांडलं, आणि पुण्यात बसलेल्या दोघा मुत्सद्द्यांना ते थांबवता आलं नाही. दिल्लीतल्या मराठी वकिलांची पत्रं द. ब. पारसनीसांनी ‘दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे’ या नावाने छापली आहेत. महादजीविषयी नुसता अभिमान बाळगणाऱ्यांनी ती जरूर चाळावीत. त्या काळचं राजकारण किती पैशाच्या ओढाताणीत आणि आपसातल्या संशयात चालत होतं, ते त्यांत दिसतं.

12 फेब्रुवारी 1794 ला पुण्याजवळ वानवडीच्या छावणीत तापाने महादजी गेला. जिथे त्याने महादेवाचं देऊळ बांधायला घेतलं होतं तिथेच त्याला अग्नी दिला. तीच आजची शिंदे छत्री. देऊळ जुनं, भोवतालचा राजस्थानी-विलायती थाटाचा दिवाणखाना मात्र विसाव्या शतकातला, ग्वाल्हेरच्या माधवराव महाराजांनी बांधलेला.

त्याला मुलगा नव्हता. दौलत आली पानिपतात गेलेल्या भावाचा, तुकोजी शिंद्याचा, नातू दौलतराव याच्याकडे, वय पंधराच्या आत-बाहेर. महादजीने दिल्ली, मथुरा, उज्जैन, पुणं या चार ठिकाणांना जोडणारे जे धागे हातात धरले होते, ते एका माणसाच्या हातातले होते. कोणतंही खातं, कोणताही लेखी बंदोबस्त त्याच्यामागे उभा नव्हता. नानाशी त्याची स्पर्धा होती, तरी इंग्रजांना दोघांचाही धाक होता. 1800 मध्ये नाना गेला आणि तो धाकही संपला.

द बॉइन्य 1796 मध्ये अमाप संपत्ती घेऊन युरोपला परतला आणि शाम्बेरीत 1830 मध्ये वारला. त्याच्या गावाने चार हत्तींचं कारंजं बांधून त्याची आठवण ठेवली. त्याच्या जागी आलेल्या पेराँने 1803 च्या ऑगस्टअखेरीस उत्तरेत इंग्रजांशी लढाई सुरू होताच काही दिवसांत इंग्रजांचाच आश्रय घेतला. फौजेतल्या इंग्रज वंशाच्या कित्येक अधिकाऱ्यांनी त्याआधीच राजीनामे देऊन कंपनीकडून पेन्शन पदरात पाडून घेतली होती. द बॉइन्यने स्वतःपुरतं घातलेलं कलम असं सगळ्या फौजेला लागू पडलं. अलीगढ 4 सप्टेंबरला पडलं, 11 तारखेला पटपडगंजला दिल्लीची लढाई झाली आणि आंधळा शाहआलम इंग्रजांच्या ताब्यात गेला. 23 सप्टेंबरला असई, 1 नोव्हेंबरला लासवाडी. दोन्हीकडे शिंद्यांचे हिंदुस्थानी गोलंदाज तोफेपाशी उभ्या उभ्या मेले, पण त्यांना हुकूम देणारं वर फारसं कोणी उरलं नव्हतं. 30 डिसेंबर 1803 ला अमरावती जिल्ह्यातल्या सुर्जी-अंजनगावी दौलतरावाने तह केला. त्यात दिल्ली, आग्रा आणि दोआब इंग्रजांना लिहून दिले, आणि पातशहावरचा हक्कही सोडून दिला.